हातात न फिरणारी रॅकेट

नातीच्या शाळेत आजी-आजोबांचा दिवस होता. वर्गातल्या बाईंनी एकेका मुलाला उभं करून विचारलं, तुमची आजी काय करते? आमची ईश्वरी उठली आणि ठसक्यात म्हणाली, "माझी आजी गटिंग करते." बाईंना ऐकू आलं कटिंग. कार्यक्रम संपल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच विचारलं, घरी येऊन करता का? मी म्हटलं, घरी येत नाही, मशीन जड आहे. आणि केसांचं नाही करत, रॅकेटचं करते. त्यांचा चेहरा जरा उतरला.

या अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा बाईंचा तो चेहराच आठवला. म्हणून आधी धंदा सांगते. टेनिसच्या, बॅडमिंटनच्या रॅकेटची चौकट, म्हणजे फ्रेम, रिकामी असते. तिच्या भोकांमधून तारा ओवायच्या, उभ्या आणि आडव्या, एक वरून एक खालून, बाजेची पट्टी विणतात तशा, आणि प्रत्येक तार ठरलेल्या ताणाला ओढून बसवायची. याला गटिंग म्हणतात. पूर्वी या तारा जनावरांच्या आतड्यापासून करत, आणि इंग्रजीत आतड्याला गट म्हणतात. आता नायलॉन, पॉलिस्टर आलं. आतडं गेलं, शब्द राहिला.

माझे वडील भिंगारच्या कॅम्पात टेनिस कोर्टावर मार्कर होते. मार्कर म्हणजे कोर्टाच्या रेषा आखणारा, नेट बांधणारा, साहेबांना जोडीदार मिळाला नाही तर त्यांच्याशी खेळणारा आणि वेळेवर हरणारा माणूस. बाबा किती गेमनी हरायचं तेसुद्धा साहेबाच्या हुद्द्याप्रमाणे ठरवत. उरलेल्या वेळात ते रॅकेट विणत. मशीन नव्हतं. एक टोच्या, एक पक्कड, आणि ताण किती झाला ते तार बोटानं वाजवून कळायचं. मला त्यांनी बाराव्या वर्षी शिकवलं, कारण भावाला बसून करायच्या कामाचा कंटाळा होता. लग्नानंतर सावेडीत एक गाळा घेतला, जुनं मशीन घेतलं आणि तेव्हापासून आजपर्यंत विणतेच आहे. बिलावर आता अहिल्यानगर छापते, बोलण्यात अजून नगरच येतं. वर्षात तीन दिवस दुकान बंद असतं: चौदा एप्रिल, बुद्धपौर्णिमा आणि मशीन बिघडेल तो दिवस.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. डास मारायची रॅकेट दुरुस्त करून मिळेल का, हे आठवड्यातून एकदा कुणीतरी विचारतंच. सुप्याच्या कारखान्यातले एक परदेशी साहेब यायचे. ते रॅकेट दोन्ही हातांनी पुढे करायचे आणि मान झुकवायचे. मीही उठून दोन्ही हातांनी घ्यायची. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणायचा, ताई, तुमच्याकडे नवस फेडायला येतात का हे. एका काकूंनी नवऱ्याच्या रॅकेटवर कुरडया वाळवल्या होत्या. खाऱ्या पिठानं तारा कडक झाल्या, आणि नवरा मला म्हणत होता की हल्ली चेंडूला वेगच येत नाही. मी तारांचा वास घेतला. पण संसार त्यांचा होता, म्हणून तारा बदलल्या आणि गप्प बसले.

गप्प बसायची सवय बाबांची. गिऱ्हाईक सांगेल तेवढं करायचं, आपलं शहाणपण गल्ल्याखाली ठेवायचं, असं ते म्हणत. ही सवय मला एकदा फार महागात पडली. तेरा वर्षांची एक मुलगी होती, चांगली खेळायची. तिचे वडील शिक्षक. टीव्हीवर एक मोठा खेळाडू ज्या वजनाची रॅकेट वापरतो तीच त्यांनी पोरीला आणली आणि तारा साठ पौंडांना ओढा म्हणाले. इतक्या घट्ट तारा म्हणजे फळीच. चेंडूचा सगळा दणका कोपरात जातो. मला ते कळत होतं. मी बोलले नाही, ओढून दिल्या. सहा महिन्यांत पोरीचं कोपर सुजलं आणि टेनिस सुटलं. आता ती नगरातच औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. मला बघून हसते, नमस्कार करते. तिला काहीच माहीत नाही, म्हणून तो नमस्कार जास्त लागतो.

त्यानंतर मी बोलायला लागले. आणि आता जी हकिगत सांगणार आहे ती त्या बोलण्याची आणि थोडी न बोलण्याचीही आहे. यातल्या दोघांची नावं बदलली आहेत. दोघांनीही लिहायला परवानगी दिली. फक्त प्रत्येकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, की दुसऱ्याच्या दुखण्याबद्दल जरा सविस्तर लिहा.

पुणतांब्याच्या अंगाला एक साखर कारखाना आहे. कारखान्याच्या कॉलनीत मातीचं एक टेनिस कोर्ट आहे, आणि त्या कोर्टावर गेली बारा वर्षं दोन माणसं एकमेकांशी खेळत होती. एक, चीफ केमिस्ट पाठक साहेब. घरात तीन पिढ्या शिक्षक, बोलणं मवाळ, प्रत्येक गोष्ट ग्रॅममध्ये सांगणार. चहात साखर किती, विचारलं तर म्हणायचे, चार ग्रॅम. दुसरे चीफ इंजिनीअर गाडेकर साहेब. मूळचे मिरजगावकडचे, फिटर म्हणून लागले आणि रात्रकॉलेज करून वर चढले. आवाज मिलच्या घरघरीवर मात करायला तयार झालेला. साखर खात्याच्या बैठकीला नगरला आले की दोघंही माझ्याकडे यायचे, बहुतेक वेळा एकाच जीपमधून. हंगामात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसे. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की खेळ सुरू व्हायचा तो पुन्हा बॉयलर पेटेपर्यंत.

बारा वर्षांत पाठक साहेबांनी गाडेकर साहेबांकडून एकही सेट जिंकला नव्हता.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आधी गाडेकर साहेब आले, एकटे. त्यांची रॅकेट म्हणजे माझा हक्काचा धंदा होता. सर्व्हिस इतकी जोरात की महिन्याला मधली तार तुटायचीच. या वेळी तारा शाबूत होत्या. मी तारीख पाहिली, कारण प्रत्येक रॅकेटच्या दांड्याला मी छोटी चिठ्ठी लावते. आठ महिने झाले होते. हंगामाचे सोडले तरी चार महिन्यांचा खेळ झाला होता, आणि तारेवर साधी खाचही नव्हती. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, अठ्ठावन्न पौंडांच्या जागी अठ्ठेचाळीस करा. तारा सैल केल्या की चेंडू झोपाळ्यावर बसल्यासारखा आपोआप लांब जातो. हाताला जोर कमी लावावा लागतो. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी उजवा हात उचलून दाखवला, तो खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि थांबला.

"लई दिवसांपासून हाय हे," ते म्हणाले. "डॉक्टर म्हनतो, आतली दोरी झिजली. खेळू नका म्हनतो. आता सप्टेंबरला रिटायर व्हायचं, तवर तरी खेळू द्या की. पाठक सायबांना काई बोलू नका, ताई. त्यांना वाटंल, आता ह्याला हरवून काय उपेग."

मी मान हलवली.

आठच दिवसांनी पाठक साहेब आले, तेही एकटे. त्यांनी पिशवीतून तीन वस्तू काढून काउंटरवर मांडल्या: रॅकेट, वही आणि प्रयोगशाळेतला असावा असा छोटा तराजू. रॅकेट बदलायची होती. म्हणाले, आमची रॅकेट फिरते. गाडेकरांचा चेंडू आला की ती हातात वळते आणि चेंडू बाजूच्या कण्हेरीत जातो. मला स्थिर रॅकेट हवी, फिरणार नाही अशी. वहीत त्यांनी अकरा रॅकेटींची वजनं लिहून आणली होती. गाडेकर सप्टेंबरात जाणार, त्याआधी एक सेट जिंकायचा, एवढं म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

रॅकेट फिरणं हे खोटं दुखणं नाही. बादलीची कडी मधोमध धरली नाही तर बादली कलते, तसं चेंडू जाळीच्या मध्यावर न बसता कडेला बसला की रॅकेटचं डोकं वळतं आणि मूठ हातात फिरते. रॅकेट हलकी असेल तर जास्तच फिरते. डोंबारी दोरीवर चालताना हातात आडवी लांब काठी धरतो, कारण वजन मध्यापासून लांब दोन्ही बाजूंना असलं की कलायला वेळ लागतो. रॅकेटलाही वजन हवं ते दोन्ही कडांना. पण वजन वाढवलं की हात थकतो. हलकी रॅकेट हात वाचवते आणि फिरते. जड रॅकेट फिरत नाही, पण कोपराकडून भाडं वसूल करते. या दोन्हींच्या मधली जागा शोधणं म्हणजे आमचा धंदा.

पाठक साहेबांची रॅकेट दोनशे साठ ग्रॅमची. त्यांच्या वयाच्या पुरुषाला हलकीच. तेव्हा त्यांचं म्हणणं निम्मं खरं होतं. पण मी तिच्या जाळीकडे बघत बसले. चेंडू वर्षभर जिथं बसतो तिथं तारांना खाचा पडतात. पाठक साहेबांच्या खाचा आतापर्यंत नेहमी मध्यावर असायच्या, एखाद्या नीट माणसाच्या सहीसारख्या. या वेळी मध्य कोरा होता. खाचा वरच्या एका कडेला होत्या, आणि फ्रेमच्या बाहेरच्या बाजूवर चेंडूची पिवळी लोकर चिकटली होती. म्हणजे रॅकेट फिरत होती ती मागाहून. आधी चेंडू चुकत होता. आणि तोही गाडेकर साहेबांचा आताचा चेंडू, ज्याच्यात आठ महिने एक तार झिजवायचाही जोर नव्हता. हे दुसरं मला बोलता येत नव्हतं. पहिलं बोलले.

म्हटलं, साहेब, रॅकेट आपण बघू, पण आधी डोळे दाखवून घ्या.

ते एवढे शांत गृहस्थ, पण त्यांनी वही मिटली. "ताई, मी रॅकेट दाखवायला आलोय, डोळे नाही," म्हणाले, आणि तराजू पिशवीत टाकून निघून गेले. जाताना दार मात्र हळू लावलं. रागावतानाही मोजूनच.

ते परत आले जूनच्या शेवटी. कोपराला पट्टा बांधलेला आणि हातात नवी रॅकेट, मोबाईलवरून मागवलेली, तीनशे वीस ग्रॅमची. ती फिरत नव्हती, हे खरंच. पण आता त्यांच्याच्यानं चहाचा कप उचलवत नव्हता, आणि चेंडू अजून कण्हेरीतच जात होता, फक्त जास्त जोरानं. मला ती फार्मसिस्ट पोरगी आठवली. मी त्यांना स्टुलावर बसवलं. काही सुनावलं नाही. समोरच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर असतं. म्हटलं, डावा डोळा झाका आणि आजची तारीख वाचा.

त्यांनी डोळा झाकला आणि मान पुढे केली. मग विचारलं, "कॅलेंडर कुठंय?"

हात खाली घेऊन त्यांनी भिंतीकडे दोन्ही डोळ्यांनी पाहिलं, पुन्हा एक झाकला, पुन्हा पाहिलं. मग स्टुलावरच बसून राहिले. हळूहळू त्यांनी सांगितलं, की हंगामात रसातली साखर मोजायचं यंत्र वाचायला ते हाताखालच्या मुलीला बसवायला लागले होते. तिला शिकायला मिळावं म्हणून, असं सगळ्यांना सांगत होते. प्रयोगशाळेतले दिवे कमजोर आहेत असा एक अर्जही त्यांनी केला होता. दिवे बदलून मिळाले, तरी अंधारच होता. घरात बायकोलाही बोलले नव्हते. चीफ केमिस्टला दिसत नाही, हे एकदा बाहेर गेलं की खुर्ची राहते का, ही भीती. मी म्हटलं, साहेब, मोतीबिंदू असेल तर अर्ध्या तासाचं काम. आणि दुसरं काही असेल तर ते तुम्ही लपवल्यानं थांबणार आहे का?

त्या दिवशी मी पहिल्यांदा गिऱ्हाईकाबरोबर दुकान बंद करून बाहेर गेले. रिक्षानं त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. मोतीबिंदूच निघाला, चांगला पिकलेला. बायकोला फोन त्यांनी तिथल्या बाकावर बसूनच केला. तीन मिनिटं ते फक्त हो, हो म्हणत होते, त्यावरून पलीकडून काय चाललं असेल ते मला कळलं.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा ऑगस्ट उजाडला होता. मग आम्ही खरी रॅकेट निवडायला बसलो, आणि मला आयुष्यात एवढं शिस्तीचं गिऱ्हाईक मिळालं नाही. माझ्याकडे लोकांना खेळून बघायला चार रॅकेटी असतात. त्यांनी प्रत्येकीला दोन दिवस दिले आणि गुण दिले. पहिली कोपराला दणका देते म्हणून गेली. दुसरी स्थिर पण आळशी. नेटजवळ उचलेपर्यंत चेंडू निघून जातो. तिसरी, दोनशे नव्वद ग्रॅमची, त्यांना जवळपास पटली. कडेला बसलेला चेंडू अजून थोडी फिरवतो, म्हणाले. मी शिशाची चिकटपट्टी काढली. घड्याळात तीन आणि नऊ असतात त्या दोन जागांवर, फ्रेमच्या आतल्या बाजूनं, दोन-दोन ग्रॅम चिकटवलं. त्यांनी स्वतःच्या तराजूवर पट्ट्या मोजून घेतल्या; माझ्यावर विश्वास होता, पण तराजूवर जास्त होता. मग मूठ सैल धरायला सांगून मी वरून जाळीच्या कडेवर चेंडू सोडला. जुनी रॅकेट अशा वेळी गर्रकन वळायची. ही नुसती हलली. मऊ तारा घातल्या, पन्नास पौंडांना. ते म्हणाले, ही नाही फिरत. माझ्या मते त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते हसूच होतं.

पुढच्या मंगळवारी ते पेढे घेऊन येतील अशी माझी अपेक्षा होती. ते आले रिकाम्या हातानं. सेट जिंकला होता, सहा-एक. पण बोलताना जिंकलेल्या माणसाचा आवाज नव्हता.

झालं असं, की डोळ्यांना दिसायला लागल्यावर त्यांनी बारा वर्षांच्या जोडीदाराला नीट पाहिलं. गाडेकर साहेब सर्व्हिसला चेंडू डोक्यावर फेकतच नव्हते. कमरेच्या उंचीवरून, गोफण फिरवावी तसा आडवा हात मारत होते. पाठक साहेबांना वर्षभर वाटत होतं की गाडेकरांनी काहीतरी नवी कट सर्व्हिस शोधून काढलीय, कारण गाडेकरांनीच तसं सांगितलं होतं. डोक्यावरून गेलेल्या एकाही चेंडूला त्यांनी हात वर केला नाही. सामना संपल्यावर हात मिळवला, डावा, आणि रॅकेट नेटच्या खांबाला अडकवून माळ्याला म्हणाले, तुझ्या पोराला दे. म्हणजे मी जिंकलो आणि माझा खेळगडी गेला, पाठक साहेब म्हणाले. मग त्यांनी विचारलं,

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मला सांगितलं नाहीत."

"तुमच्या डोळ्याचंही मी त्यांना सांगितलं नाही."

 झेरॉक्सवाल्याकडून चहा आला, तो त्यांनी साखर न विचारता प्यायला. मी त्या दिवशी बरोबर वागले की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. एप्रिलमध्येच दोघांना समोरासमोर बसवून सांगून टाकलं असतं, तर एकाचं कोपर वाचलं असतं. पण जाळी वाचून कळलेली गोष्ट ही डॉक्टरला नाडी बघून कळलेल्या गोष्टीसारखी आहे. ज्याची नाडी, त्यालाच सांगायची.

निघताना त्यांनी दारात उभं राहून विचारलं, की गाडेकरांना झेपेल अशी एखादी रॅकेट असते का.

आता हे खरं अवघड काम. त्यांना हलकीही हवी आणि न फिरणारीही. या दोन गोष्टी एका चौकटीत नांदत नाहीत, हे वर सांगितलंच. आणि माणूस समोर नसताना रॅकेट निवडता येत नाही. म्हणून पाठक साहेबांनी गाडेकर साहेबांना नसलेल्या बैठकीच्या निमित्तानं नगरला आणलं. जीप साखर खात्याच्या कचेरीकडे न वळता सावेडीकडे वळली तेव्हाच त्यांना कळलं असावं. दुकानात शिरून त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"सांगितलं न्हवं तुमी?"

मी म्हटलं, नाही. त्यांनी स्वतः पाहिलं.

गाडेकर साहेबांनी पाठक साहेबांकडे वळून त्यांचा डोळा न्याहाळला. "मंग डॉक्टरनं डोळा लई भारी बसवलाय," म्हणाले. मग माझ्या मशीनवर हात ठेवला. "ताई, ह्याच्यावर खांदा बसतो का बगा."

खांदा बसत नाही, मी म्हटलं, पण खांद्याच्या वर हात न्यावा लागणार नाही असा खेळ आहे. दोघं एकाच बाजूला खेळा. डोक्यावरचे चेंडू पाठक साहेबांचे, कमरेखालचे तुमचे. ते म्हणाले, म्हणजे बारा वर्षं ज्याला हरवलं त्याच्याच वळचणीला उभं राहायचं.  पाठक साहेबांनी खिशातून तराजू काढून काउंटरवर ठेवला, एवढंच.

त्या रॅकेटला मला बारा-तेरा दिवस लागले. फ्रेम दोनशे सत्तर ग्रॅमची घेतली. कडांना शिसं लावलं, आणि त्यानं डोकं जड होऊ नये म्हणून दांड्याच्या बुडातही थोडं भरलं. दांड्याच्या बुडात भरलेलं वजन तळहातात बसतं, खांद्याला फारसं कळत नाही. तारा माझ्याकडच्या सगळ्यांत मऊ. तीनदा विणून तीनदा उसवल्या. बाबांसारखं बोटानं तार वाजवून बघितली, कारण मशीनचा आकडा बरोबर येत होता तरी आवाज मला पटत नव्हता. गाडेकर साहेबांनी ती हातात घेतली, आडवा हात दोन-चारदा फिरवला आणि "हाय बरी" म्हणाले. मिरजगावकडच्या माणसाकडून याहून मोठं प्रमाणपत्र मिळत नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी त्यांनी मला कॉलनीवर बोलावलं. कारखान्यातल्या दोन तरुण इंजिनीअर पोरांशी सामना ठेवला होता. सांगायला लाज वाटते, पण हजारो रॅकेटी विणून मी गिऱ्हाईकाचा सामना बघायला कधी गेले नव्हते. दुकान कोण बघणार, हे कारण. शिवाय विणकाम आपलं, खेळ त्यांचा, असं मनात पक्कं बसलेलं. त्या दिवशी एसटीनं गेले. पाठक वहिनींनी मला कोर्टाच्या कडेला खुर्ची दिली, ऊस-पट्ट्यातला दमट वारा होता, आणि कामगारांची बरीच मंडळी कठड्यावर बसली होती. त्यांतल्या कुणाला टेनिस कळत होतं असं नाही. गाडेकर साहेबांचा शेवटचा आठवडा आहे, हे सगळ्यांना कळत होतं.

पोरं चांगली खेळत होती आणि दया करत नव्हती. पहिले तीन गेम भराभर गेले. मग दोघांची जरा घडी बसली. खालचे चेंडू गाडेकर साहेब आडव्या हातानं असे कापून टाकायचे की ते पडल्यावर उसळतच नसत. पाठक साहेब मागे उभे राहून मोजूनमापून परत करत होते. मधे एकदा एक चेंडू दोघांच्या मधून गेला आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिले. गाडेकर साहेब म्हणाले, तुमचा हुता. पाठक साहेब म्हणाले, पंचाहत्तर सेंटिमीटरनं तुमच्या बाजूला होता. कठडा हसला.

चार-पाचवर असताना पोरांतल्या एकानं हुशारी केली. त्याला खांदा कळला होता. त्यानं चेंडू मुद्दाम उंच उडवला, नेटजवळ उभ्या असलेल्या गाडेकर साहेबांच्या बरोबर डोक्यावर.  मला त्यांचा हात दिसत होता. तो उचलायचा प्रयत्नसुद्धा त्यांनी केला नाही. ते फक्त वाकले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, एखाद्याला वाट द्यावी तसे, आणि मागे वळून पाहिलं नाही.

पाठक साहेब पळत आले. त्यांना मी याआधी कधी पळताना पाहिलं नव्हतं. चेंडू खाली येत होता आणि त्यांची मान वर होती, डोळे उघडे, दोन्ही. मारल्याचा आवाज आला तेव्हा मी खाली बघत होते, तरी मला कळलं की चेंडू जाळीच्या मधोमध बसलाय. तो दोघा पोरांच्या मधून जाऊन मागच्या कुंपणावर आदळला.

गाडेकर साहेब गुडघ्यांवर हात ठेवून, मान खाली घालून तसेच उभे होते. "आत पडला का?" त्यांनी विचारलं.

"आत," पाठक साहेब म्हणाले. "मी पाहिला."